निधानप्पाचा घास

कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत 'निधान' म्हणजे ठेवा, खजिना. भाषाशास्त्राच्या तासाला मी हा शब्द मुद्दाम फळ्यावर लिहितो आणि वर्गातल्या दोन्ही भाषांच्या मुलांना त्याचा अर्थ विचारतो. थोडा गोंधळ होतो, थोडा हशा पिकतो, आणि एकच शब्द दोन भाषांत कसा दोन वाटांनी जातो हे न शिकवता शिकवून होते. पण मला हा शब्द पुस्तकात भेटलेला नाही. ते माझे टोपणनाव होते.

२००४ साली मी याच महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहायला आलो. खोलीत सोबती मिळाला तो बैलहोंगलकडचा. त्याला मराठी कामापुरते येई, मला कन्नड भांडणापुरते. आठ दिवस त्याने मला खानावळीत जेवताना पाहिले आणि नवव्या दिवशी सगळ्यांसमोर बारसे केले, 'निधानप्पा!' सर्वांचे जेवण आटोपून गप्पा रंगायच्या, वाढपी फडके घेऊन बाके पुसायला लागायचा, तरी माझी दुसरी भाकरी अर्धी उरलेली असायची. पुढे पुढे वाढपी माझ्या ताटाभोवतालची जागा पुसून घेई आणि मधले बेट तसेच ठेवी.

या नावाचे मला वाईट वाटले नाही. उलट थोडा अभिमानच वाटे. आमच्या आजीने लहानपणी शिकवले होते की प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा. मी तो आजीचा आज्ञाधारक नातू! भरभर गिळणारी इतर मुले ती अधाशी आणि मी तेवढा संस्कारी, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. सावकाश जेवणे हा माझा स्वभाव आहे, असे मी वीस वर्षे सांगत आलो. तो स्वभाव नव्हता, आजार होता. त्याची ओळख कशी पटली ते सांगण्यासाठी हा लेख.

आता मागे वळून पाहताना माझ्या जेवणातल्या क्लृप्त्या मला स्पष्ट दिसतात. ताटाआधी तांब्या लागे. प्रत्येक दोनतीन घासांमागे पाण्याचा एक घोट ठरलेला. खडक रोट्टी इतरांनी कुडुमकुडुम खावी, मी ती आमटीत बुडवून तिचा लगदा करी. भात असला की जीव भांड्यात पडे. मटणाची फोड मी सोबत्याच्या ताटात ढकलून देई आणि रस्सा ओरपी. त्यामुळे तो माझ्यावर फार खूश असे. तापाची गोळी असली तर तिचे दोन तुकडे करून घेई. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यापाशी येऊन थांबत आणि यजमान काळजीने विचारीत, 'पाहुणे, जेवण आवडले नाही का?' पुढे उभ्याने जेवायची पद्धत आली तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली. मी मात्र मनातून सुखावलो. उभ्याने जेवताना कोण किती वेळ जेवतो हे कोणी पाहत नाही.

माणूस मोठा हुशार प्राणी आहे. वाट अरुंद झाली की तो अंग चोरून चालायला शिकतो, आणि काही दिवसांनी आपण अंग चोरतो आहोत हेच विसरतो.

पहिला दणका २०११ साली बसला. आमच्या गावची लक्ष्मी यात्रा होती. यात्रेत मटण नको म्हणणे म्हणजे घराचा अपमान! मामांनी आग्रहाने वाढलेली फोड मी चावून चावून गिळली आणि ती छातीच्या मध्यावर जाऊन बसली. पाणी प्यायलो तर पाणी परत आले. मग प्रत्येकाने आपापला उपाय चालवला. एकाने पाठीत गुद्दे घातले, दुसऱ्याने केळे आणले, मावशीने कोरड्या भाताचा मुटका पुढे केला. मला श्वास घेता येत होता, बोलताही येत होते. म्हणजे घास श्वासनलिकेत नव्हता, अन्ननलिकेत होता. श्वासच कोंडला तर ते वेगळे संकट, तिथे क्षणाचाही अवधी नसतो. पण माझी तोंडातली लाळसुद्धा खाली उतरत नव्हती. लाळ गिळता येईनाशी झाली की घरगुती उपाय सोडून थेट रुग्णालय गाठावे, वरून केळे किंवा भात ढकलू नये, हे मला फार नंतर कळले. त्या दिवशी मी केळे खाल्ले. तेही अडकले.

जवळच्या एका रुग्णालयात दुर्बिणीची नळी घालून घास काढला. दुसऱ्या दिवशी हातात कागद मिळाला, 'अन्ननलिका सामान्य'. पंधरा दिवसांच्या आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि वर उपदेश मिळाला, 'घाई करू नका. नीट चावून खात जा.' एका जेवणाला पाऊण तास लावणाऱ्या माणसाला हा उपदेश! मी मान डोलावली. चूक माझीच असणार असे मला वाटले आणि त्यानंतर मी पाऊण तासाचा एक तास केला.

अशीच बारा वर्षे गेली. २०२३ च्या परीक्षांचे दिवस होते. दोन पाळ्यांमध्ये पर्यवेक्षणाचे काम, मधली सुटी जेमतेम वीस मिनिटांची. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधण्यात त्यातली दहा गेली. प्राध्यापकांच्या खोलीत डबा उघडला, पोळी आणि सुकी बटाट्याची भाजी. घंटा होण्याच्या भीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच घाईने जेवलो. चौथा घास अडकला. कन्नड विभागाचे सहकारी माझा चेहरा पाहून उठले आणि 'गंटलल्लि सिक्कितेनु?' असे विचारत पाणी घेऊन आले. मी हातानेच नको म्हटले. ते मला रिक्षात घालून रुग्णालयात घेऊन गेले. माझ्या वर्गावर त्या दिवशी कोण उभे राहिले ते मला अजून ठाऊक नाही.

या वेळी गाठ पडली ती एका तरुण डॉक्टरीणबाईंशी. नळी घालण्यापूर्वी त्यांनी विचारले, 'सर, नेहमी घास अडकतो का?'

मी मान हलवून नाही म्हटले. बारा वर्षांत हा दुसराच प्रसंग होता ना!

त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी निराळेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. जेवायला किती वेळ लागतो? जेवताना किती पाणी पिता? पाणी नसेल तर कोरडी भाकरी खाल का? कोणते पदार्थ ताटात आले की बाजूला सारता? गोळी अख्खी गिळता की तोडून? लहानपणी दमा होता का? सर्दी, शिंका, अंगाला खाज?

एकेका प्रश्नाबरोबर माझी एकेक क्लृप्ती उघडी पडत गेली. सोबत आलेले सहकारी कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. मध्येच ते हसून म्हणाले, 'डॉक्टर, हे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांत शेवटी डबा बंद करतात.' माझा दमा दहाव्या वर्षी गेला होता, पण खडूच्या धुळीने शिंका अजून येतात. नाकाचा आणि घशाखालच्या नळीचा काही संबंध असेल असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

घास काढल्यावर बाईंनी अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या भागांतून मिळून सहा लहान तुकडे तपासणीसाठी घेतले. डोळ्यांना फारसे काही दिसत नसतानाही असे तुकडे घ्यावे लागतात, कारण या आजारात कधीकधी नलिका वरून अगदी निरोगी दिसते. २०११ साली तुकडे घेतलेच नव्हते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण 'सामान्य' हा शब्द केवळ पाहून लिहिला होता, तपासून नव्हे, एवढे खरे.

आठ दिवसांनी निदान हाती आले. आजाराचे नाव 'इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस'. सोप्या मराठीत सांगायचे तर अन्ननलिकेचा ॲलर्जीमुळे होणारा दाह. आपल्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली त्यांना हे नाव दिले, कारण इओसिन नावाच्या रंगाने त्या गुलाबी-तांबड्या रंगतात. आणि इओसिन हे नाव आले ग्रीकांच्या उषादेवीवरून. आपली उषा ती त्यांची इओस. मराठीच्या मास्तराला आजारात एवढे तरी समाधान!

या पेशी जठरात आणि आतड्यांत थोड्याफार असतातच. निरोगी अन्ननलिकेत मात्र त्या नसतात. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात त्या १५ किंवा अधिक दिसल्या, गिळण्याची तक्रार असली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर हे निदान करतात. माझ्या तुकड्यांत त्या पन्नासाच्या वर होत्या.

आजार तसा नवाच ओळखीचा. १९९३ साली स्टीफन ॲटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिळायला त्रास होणाऱ्या बारा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा वेगळा आजार आहे असे मांडले. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ॲलेक्स स्ट्राउमान यांनी तेच केले. मी तेव्हा तिसरीत होतो आणि शाळेच्या मधल्या सुटीत डबा अर्धा परत आणीत होतो. म्हणजे आजाराला नाव मिळाले आणि मला तो जडला, या दोन गोष्टी कदाचित थोड्याच अंतराने घडल्या असतील. फक्त आमची भेट व्हायला तीस वर्षे लागली.

हा उशीर स्वस्तात पडत नाही. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला की नलिकेच्या भिंतीत वण साचतात. ती कडक होते, तिच्यावर कड्यांसारख्या गोल वळ्या पडतात आणि मार्ग अरुंद होत जातो. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या दोनशे रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत त्यांना साधारण सहा वर्षे लागली होती. ज्यांचे निदान दोन वर्षांच्या आत झाले त्यांच्यापैकी शेकडा १७ जणांची नलिका अरुंद झालेली आढळली. ज्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा ७१ होते. बाईंनी हे आकडे सांगितले तेव्हा मी मनात माझी वर्षे मोजली. नलिकेचा मार्ग १३ मिलिमीटरहून अरुंद झाला की घट्ट घास अडकू लागतो असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. माझा सर्वांत अरुंद भाग ११ भरला.

मग उपचारांची वारी सुरू झाली. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन महिने घेतल्या. दहांपैकी चारपाच जणांचा दाह एवढ्यानेच शमतो, माझा शमला नाही. नंतर प्रश्न आला पथ्याचा. हा आजार बहुधा अन्नातल्या एखाद्या पदार्थाने चेततो. दूध, गहू, अंडी, सोयाबीन, काजू-शेंगदाण्यांसारखे पदार्थ आणि मासे ही त्यातली नेहमीची संशयित मंडळी. शेंगदाणा खाऊन लगेच अंगावर गांधी उठते तशी ही ॲलर्जी नव्हे. ती सावकाश काम करते, खास निधानप्पाला शोभेल अशी. म्हणून त्वचेवर टोचून केलेल्या तपासणीने दोषी पदार्थ खात्रीने सापडत नाही. तो पदार्थ काही आठवडे वर्ज्य करायचा आणि पुन्हा दुर्बिणीने पाहायचे, हाच मार्ग. २०२३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात काही प्रौढांना सहा प्रकारचे पदार्थ आणि काहींना एकटे दूध सहा आठवडे बंद केले. पहिल्या गटात शेकडा ४० जणांचा दाह शमला, दुसऱ्यात ३४ जणांचा. तेव्हा आधी दूधच बंद करून पाहू, असे ठरले.

बेळगावात राहून दूध बंद! चहा काळा, दही नाही, ताक नाही आणि कुंदा तर दुरूनच पाहायचा. त्याच सहा आठवड्यांत आमच्या विभागात दोघांना बढती मिळाली आणि दोन्ही वेळा कुंद्याचे खोके माझ्यासमोरून गेले. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली, तो पेशी तीसच्या वर. म्हणजे दूध निदान एकटे तरी गुन्हेगार नव्हते. कुंदा संशयाचा फायदा मिळून सुटला. त्या दिवशी मी घरी पाव किलो घेऊन गेलो.

शेवटी गुण आला तो एका चाटणाने. दम्यासाठी जे ब्युडेसोनाइड श्वासावाटे देतात, तेच मधात कालवून दाट करायचे, सावकाश चाटायचे आणि त्यावर अर्धा तास अन्नपाणी घ्यायचे नाही. औषध नळीला आतून लिंपले जावे हा हेतू. आजीच्या बटव्यातले चाटण आणि आजचे औषध एका वाटीत आलेले पाहून आजीची आठवण झाली. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे, कारण या औषधाने घशात बुरशीही येऊ शकते. अरुंद झालेला भाग दोन वेळा फुग्याने हळूहळू रुंद केला. तीन महिन्यांनंतरच्या तुकड्यांत पेशी चारवर आल्या. घास सुरळीत उतरू लागला म्हणजे दाह गेलाच असे नसते, म्हणून अशी फेरतपासणी करावीच लागते. औषध बंद केले तर तो परतही येतो. यापुढेही दुसरी औषधे आहेत. २०२२ साली अमेरिकेत ड्युपिलुमॅब नावाच्या इंजेक्शनला या आजारासाठी मान्यता मिळाली. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

मित्रहो, सावकाश जेवणारा प्रत्येक जण आजारी असतो असे मला म्हणायचे नाही. घास अडकण्याची कारणेही अनेक आहेत. उतारवयात गिळण्याचा त्रास नव्याने सुरू झाला आणि वाढत गेला, वजन उतरू लागले, तर कर्करोगाची शंका आधी दूर करून घ्यावी लागते. पण हा आजार तरुणांचा आहे, मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळणारा, आणि दमा, सर्दी-शिंका, इसब असणाऱ्यांत विशेष. म्हणजे नेमका वसतिगृहातल्या खानावळीत सापडणारा. तुमच्या बाकावर कोणी निधानप्पा असेल तर त्याची थट्टा जरूर करा. फक्त एकदा त्याचा तांब्या बाजूला ठेवून पाहा, त्याला पुढचा घास घेववतो का.

हे एवढे लिहिल्यावर लेख संपायला हवा होता. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. तोही तिसरीत. सकाळी त्याच्या जेवणावरून आमच्या घरी रोज रणकंदन. घास गालात धरून बसतो, दाराशी रिक्षा येऊन थांबते आणि मी ओरडतो, 'आटप! किती वेळ चघळतोस?' त्याचे पोट दुखते म्हटले की ते शाळा चुकवण्याचे निमित्त, असे मीच ठरवून टाकले होते. एका रविवारी सगळे जेवायला बसलो. त्याच्या आईने ताट वाढायच्या आधी तो उठला, स्वयंपाकघरात गेला, पाण्याचा पेला काठोकाठ भरून घेऊन आला आणि मगच पाटावर बसला. ते पाहून माझा हात थांबला. लहान मुलांत हा आजार उलट्या, पोटदुखी, जेवणाचा कंटाळा अशा रूपांनी दिसतो आणि एकाच घरात तो पुन्हा आढळू शकतो, हे बाईंनी मला केव्हाच सांगितले होते. मी ते ऐकले होते आणि रोज सकाळी ओरडतही होतो.

मी त्याला जवळ घेऊन विचारले, 'बाळ, घास अडकतो का रे?'

'नाही बाबा,' तो म्हणाला. वीस वर्षे मी हेच उत्तर देत आलो होतो.

मग मी बाईंचा प्रश्न विचारला. 'आणि पाणी नसेल तर भाकरी खाशील?'

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले. असा विचित्र प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नसावा.

'पाणी का नसेल?' तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दाराशी येऊन थांबली तेव्हा मी ओरडलो नाही. तिला परत पाठवले आणि डॉक्टरीणबाईंना दूरध्वनी केला.